पहिल्या पानावरची ओळ

अमरावतीला शांतवन मास्तरांच्या घरी बायबल अभ्यासाची बैठक भरली होती. कॉलेजात शिकणाऱ्या अपेक्षानं भीत भीत विचारलं, "मास्तर, लिहिणारी शेवटी माणसंच होती ना? कुठं चूक झाली असली तर?"

मास्तरांचा आवाज चढला. "हात माणसाचा असेल, शब्द देवाचा आहे! या पुस्तकात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही ओळ खोटी नाही."

इतका वेळ दारात उभी असलेली रूथबाई पुढे आली. नवऱ्याच्या मांडीवरचं जाडजूड बायबल तिनं उचललं आणि पहिलं पान उघडलं. छापील मजकुराआधीच्या त्या कोऱ्या पानावर घरातल्या तीन पिढ्यांचे जन्म, लग्नं आणि मृत्यू लिहिलेले होते. शेवटची ओळ मास्तरांच्या हातची होती.

"हे वाचा."

"आत्ता नको, रूथ."

"मंग तू वाच वं, अपेक्षा."

अपेक्षानं वाचलं, "आमची मुलगी एस्तेर. मृत्यू, सात मे दोन हजार एकोणीस."

बैठकीतल्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. अपेक्षा पुटपुटली, "सॉरी मास्तर, मला माहीत नव्हतं."



"त्या दिवशी तिनं बडनेऱ्याच्या गोपालसंग कोर्टात लग्न केलं," रूथबाई म्हणाली. बायबल तिनं उघडंच मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. "आता लेकराले घेऊन फाटकाशी उभी आहे. बोला, काय सांगू तिले?"