बोलावलेला बेडूक

कलहारीतल्या पायपिटीचा सहावा दिवस होता. पाहुण्यांच्या वहीत पाली, साप, कासवं भरपूर होती, बेडूक मात्र एकही नव्हता. त्यांची तोंडं उतरलेली पाहून वाटाड्या दाबेला राहवलं नाही. आटलेल्या तळ्यात बसून त्याने काठीने जमिनीवर पावसाचा ताल धरला. थोड्या वेळाने माती तडकली आणि आत झोपलेला बेडूक वर आला. फोटो काढून पाहुणे पुढे गेले. सोबत आलेली दाबेची थोरली बहीण मागे थांबली. “बोलावलंस ना? आता खा.” “भूक नाही गं ताई.” “मग बोलावलंस कशाला? बाबांनी हा ताल भुकेपुरताच शिकवला होता. असल्या कडक जमिनीत तो परत शिरणार कसा?” ओशाळून दाबेने पाण्याची बाटली बेडकावर रिकामी केली. बेडूक फुगला आणि पाऊस आल्याचं जमिनीखालच्यांना ओरडून सांगू लागला. “गप रे,” दाबे पुटपुटला. तेवढ्यात शेजारची जमीन तडकली.