विलायतेची सोबत

"त्याला सांग, हात वर कर," लालासाहेब म्हणाला.

इलाही टेलरनं कृष्णातकडं बघितलं. कृष्णात दीड हातावर उभा होता आणि बहिरा नव्हता.

"कृष्णाततात्या, हात वर करा म्हणत्यात."

"आयकलं. त्याला सांग, हात माजं हायती."

दोघं सख्खे भाऊ. विहिरीच्या पाण्यावरून सातारच्या कोर्टात दावा लागला, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद. बोलायची वेळ आलीच, तर दोघं तासगावच्या पेठेत इलाहीच्या दुकानात यायचे आणि त्याच्यामार्फत भांडायचे.

आताचं निमित्त गरम कोटाचं होतं. विलायतेत थंडी फार, हे लालासाहेबाला माहीत होतं. पलटणीत जमादार म्हणून तो इटलीपर्यंत जाऊन आला होता. तिथं एका गोऱ्या सर्जनशी त्याची ओळख झाली. लढाई संपून तीन वर्षं झाली, तरी साहेब त्याला विसरला नव्हता. छातीतली गाठ काढतो, या, असं त्यानं लंडनहून कळवलं. बोटीवर दोन माणसांची सोयही त्यानंच केली. बोट पुढच्या महिन्यात मुंबईहून सुटणार होती.

अडचण एकच होती. ऑपरेशनला सख्ख्या भावाचं रक्त लागतं, असं लालासाहेबानं कृष्णातला इलाहीमार्फत कळवलं होतं. आणि कृष्णात यायचं कबूल करत नव्हता. सांगलीच्या डॉक्टरांनी दोघांच्याही छातीचे फोटो काढले, तेव्हा तो गेला होता. पासपोर्टासाठीही त्यानं तोंड पुढं केलं होतं. फोटो फुकट होते. आता कोट फुकट होता. पण बोटीचं नाव काढलं की तो मान हलवायचा. आणि तो आला नाही, तर ऑपरेशनच होणार नव्हतं.

"छाती बत्तीस," इलाही म्हणाला. "गेल्या दिवाळीला चौतीस भरली हुती की."

"तुजी फीत ताणलीया."

"इलाही, कोट चौतीसचाच शीव," लालासाहेब रस्त्याकडं बघत म्हणाला. "तितं फुकटचं खाऊन फुगायचाच हाय त्यो."

कृष्णातनं मुद्दाम बिडी पेटवली.

"त्याला सांग, रक्त देनाऱ्यानं बिडी वडायची नसती."

"आजारी ह्यो, आन् पथ्य मला?" कृष्णातनं सगळा धूर भावाच्या तोंडावर सोडला. त्यात त्यालाच इतका खोकला आला की डोळ्यांतून पाणी आलं. लालासाहेबही खोकला. जरा उशिरानं.

"आन् इचार त्याला," दम खाऊन कृष्णात म्हणाला, "रोग्याला रोग सांगत्यात व्हय कुटं? बाला त्या डागदरनं तोंडावर सांगितलं, आन् आटव्या दिशी बा गेला. निस्त्या भ्यानं गेला. तवापासनं आपल्या घरात रोग्याला सांगायची रीत न्हाई. ह्याला कुनी सांगितलं?"

"मी पलटणीतला हाय. मला चालतं."

"मोठा आला पलटणीतला!"

इलाहीनं फीत गळ्यात अडकवली. पुढचं तो सांगणार, तोच कृष्णात सरळ भावाकडं वळला.

"ईर लिहून दे."

नऊ वर्षांत तो पहिल्यांदाच थेट बोलला होता. इलाहीला काय करावं कळेना. सवयीनं तो म्हणाला, "ईर लिहून द्या म्हणत्यात."

"आयकलं," लालासाहेब म्हणाला, आणि त्यानं कृष्णातच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्या त्याच्याही होत्या, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. सख्ख्या भावाचा जीव टांगणीला आणि तुला पाणी दिसतंय, कसाई हाईस तू, असंही तो म्हणाला. रस्त्यावर चार माणसं थांबली.

"बोंबल की," कृष्णात म्हणाला. "माजी बायकू रंगू बी दोन दीस मागं लागलीया, जावा म्हनून. नऊ वर्सांत पयल्यांदा तुज्या बाजूनं बोलली ती. तिचा बी डोळा इरीवर हाय. पर मी तिच्यागत वरवर बोलनारा न्हाई. कागुद पायजे."

"निम्मी देतो."

"समदी. पान्याची पाळी-बिळी कायबी न्हाई. न्हाईतर जा एकटा आन् मर."

ती विहीर लालासाहेबानं स्वतः खणली होती. पहिलं पाणी लागलं तेव्हा तो कमरेइतक्या चिखलात उभा होता. तिच्यावर त्याचा तीन एकर ऊस होता. बाकी रान कोरडवाहू.

"घे," तो म्हणाला. "पर बोटीवर चडायचं. तितं साहेब सांगंल तेवडं दीस ऱ्हायाचं. मदीच पळून आलास तर कागुद रद्द. आसं लिवायचं त्येच्यात."

"लिव. मी पळपुटा न्हाई."

दुपारी स्टँपावर लिहिणं झालं. इलाहीची साक्ष पडली. कृष्णातनं कागद चार वेळा वाचून घेतला आणि फेट्यात खोचला.

"मेलास तर हाडं घिऊन यीन," तो जाता जाता म्हणाला. "तेवडं करीन. कागुदात न्हाई, तरीबी."

दुसऱ्या दिवशी लालासाहेब एकटाच सांगलीला गेला. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी त्याला आत घेतलं.

"काय ठरलं?"

"यायला तयार झाला."

"कसा काय?"

"ईर लिहून दिली."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग लंडनच्या साहेबासाठी अर्धवट लिहून ठेवलेलं पत्र पुढं ओढलं. ते इंग्रजीत पुरं केलं आणि सगळं बरोबर आहे ना हे बघायला मराठीत वाचून दाखवलं:

"रोगी कृष्णात, वय चाळीस, शेतकरी. सोबत त्याचा थोरला भाऊ लालासाहेब. भावाची प्रकृती ठणठणीत."