मंगळावरचा भोपळा

"आई, पाण्यात पाय घालायचा?" ऋजुता दोन पावलं मागे सरली.

काचेच्या घुमटाखाली, तांबड्या कड्यांच्या मधोमध मंगळावरचं पहिलं तळं पसरलं होतं. लोक होड्या वल्हवत होते, दोर लावून कडे चढत होते. पाण्यात मात्र कुणीच उतरत नव्हतं. थेंबही वाया घालवायचा नाही, हे इथल्या माणसांचं बाळकडूच होतं.

ऋजुताची आई शर्वरी साताऱ्याची. वडिलांनी तिला पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवलं होतं. लेकीसाठी तिने दोन वर्षं खपून हरितगृहात तसाच भोपळा वाढवला, वाळवला. आता तिने तो ऋजुताच्या पाठीला करकचून बांधला.

"माझी मुलगी पाण्याला बिचकत मोठी होणार नाही. चल!" म्हणत तीच आधी उतरली.

ऋजुताने पाण्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावली आणि डोळे मिटून उडी टाकली. तासाभरात ती हातपाय मारू लागली.

बाहेर आल्यावर शर्वरीने टॉवेल पुढे केला. पण ऋजुता काठावर ओणवी होऊन दोन्ही वेण्या तळ्यात पिळत होती.

"थांब गं आई! उद्या पोहायला कमी पडायला नको."