डाव्या डोळ्याचं चित्र

"आई, मान हलवू नकोस," म्हणत संहिताने तिच्या डोळ्यांवरच्या हेडसेटचा पट्टा आवळला. आत बाबा होते, मिरजेच्या दुकानात तंबोरा जुळवत बसलेले. जाऊन चार वर्षं झालेल्या माणसाला तिने जुन्या चित्रफितींमधून उभं केलं होतं.

स्वस्तातल्या हेडसेटला दोन डोळ्यांसाठी दोन रेखीव चित्रं काढणं झेपत नव्हतं. म्हणून तिने डाव्या डोळ्याला रेखीव चित्र दिलं, उजव्याला ढोबळ. मेंदू दोन्हींतलं चांगलं तेवढं उचलतो, फरक कुणाला कळत नाही. या युक्तीवर कंपनीत टाळ्या पडल्या होत्या.

"ह्यांचा चेहरा पुसट आहे गं," आई म्हणाली. "नाकडोळे दिसतच नाहीत."

"नीट बघ ना! शंभर जणांनी पाहिलंय, कुणाची तक्रार नाही. तुझंच काहीतरी असतं."

आई हवेत हात पुढे करून बाबांचा गाल चाचपत राहिली. पुसट चित्र तर फक्त उजव्या डोळ्यासाठी होतं. संहिता थबकली.

"आई, तुझा डावा डोळा?"

"गेला की, दिवाळीत. फोनवर सांगितलं होतं तुला."

"मला? कधी?"

"तू म्हणालीस, 'कामात आहे, पटकन सांग.' मग मी पटकनच सांगितलं."