अर्धी खिडकीबाहेर

"माय, तू तिथं काही बोलू नको," दामिनी स्कूटी स्टँडला लावत म्हणाली.

"मी काहून बोलू? मी ऐकाले आली."

दामिनीला ते पटलं नाही. तिची आई मनकर्णा नुसतं ऐकायला कुठं जात नसे. लग्नाला गेली तरी कोणाचं तोंड कशानं उतरलं होतं, ते सगळं गोळा करून आणायची. आज ती हिवरखेडहून सकाळच्या यष्टीनं अकोल्याला आली होती, आणि ते काही लेकीला भेटायला नव्हे.

हॉलबाहेरच्या पोस्टरवर नुसतंच 'ईशान' लिहिलं होतं.

"आडनाव काहून नाई लावत हा?"

"कॉमेडीवाले नाई लावत, माय."

"लपवाचं असन त नाई लावत."

मनकर्णेचा नवरा नागसेन मस्कतला कामाला गेला तेव्हा दामिनी रांगत होती. दोनेक वर्षं पत्रं आली, पैसे आले. मग दोन्ही बंद. ज्या एजंटानं पाठवलं त्यानं आधी हात झटकले, मग दुकानच हलवलं. हिवरखेडनं आपले निकाल लावून टाकले: एक तर मेला, नाहीतर तिकडं दुसरी केली. मनकर्णेनं दोन्ही ऐकून घेतले, आणि गळ्यातली काळ्या मण्यांची पोत काही काढली नाही.

यंदाच्या हिवाळ्यात दामिनीच्या मोबाइलवर तो आवाज वाजला. ईशान नावाचा कॉमेडियन. लहानपण मस्कतात, पुढची शाळा नैरोबीत, कॉलेज लंडनमध्ये. इंग्रजीत जगभर हसवून आता मराठीकडे वळलेला. 'ज्यानं मला वाढवलं तो माणूस' असं म्हणून तो एका वऱ्हाडी माणसाची नक्कल करायचा. त्या नकलेवरच त्याचं नाव झालं होतं.

मेथी निवडता निवडता मनकर्णेचा हात थांबला. 'बावा' ओढायची ती लकब, हसण्याआधी नाकातून सोडलेला तो श्वास. भीमजयंतीच्या कव्वालीत पेटीवाला येईस्तोवर नागसेन गर्दी धरून ठेवायचा, तोच हा आवाज.

आणि मग त्या पोरानं चिखलदऱ्याची गोष्ट सांगितली.

लग्नानंतर दोघं यष्टीनं चिखलदऱ्याला गेली होती. घाटात मनकर्णेला उलट्या लागल्या, ती डोकं आत घेईना. नागसेन कंडक्टरला म्हणाला, "साहेब, हिचं अर्धंच तिकीट फाडा. अर्धी त खिडकीबाहेर हाये."

ही गोष्ट मनकर्णेनं कोणालाच सांगितली नव्हती. माहेरी नाही, लेकीला नाही. ती नवरा-बायकोची होती. आणि त्यानं ती तिकडच्या पोराला सांगितली होती.

गावाचा 'मेला' हा निकाल त्या दिवशी बाद झाला, उरला दुसरा. वयाचा मेळ नीट बसत नव्हता, पोरगा दामिनीहून मोठाच दिसत होता. पण राग आला की माणूस हिशोबात उदार होतो. "तोंडभर बाप म्हणाची बी लाज वाटते त्याले," एवढंच ती म्हणाली. दामिनीला बापाचा आवाज आठवतच नव्हता, त्यामुळं तिला धड हो म्हणता येईना, धड नाही.

मनकर्णेनं मात्र ठरवून टाकलं. आपण नांदती बाई की टाकलेली बाई, हे त्या पोराच्या तोंडून ऐकायचं. मग पोत काढून त्याच्या हातावर ठेवायची आणि म्हणायचं, ने, तुझ्या मायले दे.

कूलर घरघरत होते. ईशान आला तो गोरा, उंच. नागसेनचं नाक नाही, कपाळ नाही. आईवर गेला असेल, असं मनकर्णेनं गृहीत धरलं. मग तो बोलायला लागला आणि तिनं डोळे मिटून घेतले. मिटले की नागसेन. उघडले की हा. तिनं मिटलेलेच ठेवले. चिखलदऱ्याचा घाट आला तेव्हा आख्ख्या हॉलच्या आधी ती एकटीच हसली, आणि त्या हसण्याचाच तिला जास्त राग आला.

मधेच ईशाननं हॉलमधले लाइट लावायला सांगितले. डोळ्यांवर हात धरून तो रांगेरांगेनं माणसं न्याहाळत राहिला.

"गर्दी मोजून राहिला," मनकर्णा कुजबुजली.

"काल अमरावतीतबी असेच लावले म्हणे," दामिनी म्हणाली.

शो संपल्यावर फोटोवाल्यांची रांग लागली. मनकर्णा सगळ्यात शेवटी उभी राहिली. रांग सरकता सरकता तिनं मानेमागचा फासा सोडला. पोत मुठीत घेतली. गळा एकदम हलका झाला. तिला तो आवडला नाही.

"काकू, तुम्ही माझ्या आधी हसलात," ईशान हसत म्हणाला. हा आवाज वेगळाच होता, कुठल्याच गावचा नसलेला. "कुठून आलात?"

"हिवरखेड."

त्याचं हसू विरलं. मनकर्णेला वाटलं, सापडला.

"ते अर्धं तिकीट मीच हाये," ती म्हणाली. "नागसेनची बायको."

तो तिच्या पाया पडायला वाकला, आणि वर उठला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मुठीतली पोत पुढं करायला तिचा हात निघाला होता, तो तसाच अर्ध्यात राहिला.

"ते आमच्याकडे गाडी चालवायचे. पपा कामात, मम्मी आजारी, मला त्यांनीच वाढवलं. आठ वर्षांचा होतो. एक दिवस शाळेतून घ्यायला दुसराच माणूस आला. पपा म्हणाले, तुझा काका गावी गेला, त्याच्या बायकोजवळ, पोरीजवळ. मला न सांगता. खूप रागावलो होतो मी त्यांच्यावर." त्यानं डोळे पुसले. "मग म्हटलं, सगळीकडे त्यांच्याच आवाजात बोलू. कुठंतरी घरी बसून ऐकतील आणि हसतील."

बोलता बोलता तो तिच्या खांद्यावरून मागं पाहत होता, दामिनीकडे, रिकाम्या खुर्च्यांकडे, दाराकडे.

"काका बाहेरच थांबले का, काकू? आत बोलवा ना त्यांना."