तळमजल्यावरचा वर्ग

कळा सुरू झाल्या तशी ती खाटेवरून उतरली आणि खिडकीच्या गजाला धरून डोलू लागली. अंगच सांगत होतं, चाल बाई, चाल.

“ए, आडवी हो आधी!” डॉक्टरबाई फोन कानाला लावूनच आत आल्या. “हे कसले नखरे?”

“मॅडम, चाललं की बाळ खाली सरकतं.”

“मग बाळंतपणही तूच कर की! आम्ही टाळ्या वाजवतो.”

नर्स फिदीफिदी हसली. दोघींनी तिला उताणं निजवून पोटाला मशीनचा पट्टा आवळला. घोटभर पाणी मागितलं, तर “लाड पुरे” म्हणाल्या.

“पण आपल्याच वर्गात गरोदर बायकांना आपण हेच शिकवतो ना? चाला, पाणी प्या, नको ते नको म्हणा...”

“ते खाली, तळमजल्यावर. आणि काय गोड शिकवतेस गं तू! ते ऐकूनच तर बायका इथं नाव घालतात.”

सहा वर्षांत तिच्या वर्गातली एकही बाई बाळ दाखवायला परत आली नव्हती. संसारात गुंतल्या असतील, अशी तिची समजूत. आज त्यांच्याच खाटेवर पडल्यापडल्या तिला कळलं, त्या सगळ्यांनी आपल्याला काय काय शिव्या घातल्या असतील.