आर्थरचं बाक

नगरपालिकेची नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आर्थरच्या बाकाला दोरीनं बांधली होती. थेल्मा ब्रेथवेटनं चष्मा पुसून ती दोनदा वाचली. दिवंगताच्या आठवणीसाठी ठेवलेल्या या बाकाची पंधरा वर्षांची मुदत संपली आहे. नातेवाइकांनी महिनाअखेरपर्यंत कचेरीत येऊन ती वाढवून घ्यावी. न घेतल्यास पाटी काढून जागा दुसऱ्या कुटुंबाला देण्यात येईल.

"दुसऱ्या कुटुंबाला म्हणे!" थेल्मा पाटीकडं बघून म्हणाली. "ऐकलंस का रे आर्थर? तुला उठवतायत."

पाटी पितळेची, तळहाताएवढी, बाकाच्या पाठीला ठोकलेली. 'आर्थर पिल्बीम. याला इथं बसायला आवडायचं.' बस्स, एवढंच. थेल्मानं या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती समुद्रावर आली आणि रिकामं दिसलं त्या बाकावर टेकली. तेव्हापासून रोज साडेदहा ते बारा. पाऊस असला तर छत्री घेऊन. आधी नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हणायची, त्याच्या नावाला पाठ लावून बसायचं म्हणून. मग गुडघेदुखी सांगितली. मग शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा, मग कॅनडात वारलेली बहीण. असं करता करता सगळंच सांगून झालं. घरी बोलायला होतं कोण? आर्थर निदान मध्ये तोडायचा तरी नाही.

आता कुणी म्हणेल, गावात काय माणसं नव्हती? होती की! पण स्कार्नेस गावची एक रीत आहे. बाकावर एक जण बसलेला दिसला की दुसरा तिथं बसत नाही. "छान हवा पडलीय," म्हणायचं आणि पुढं सटकायचं. उगाच कुणाला आपला त्रास नको! बारा वर्षांत थेल्माच्या शेजारी कुणी टेकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तीही कधी कुणाच्या शेजारी जाऊन बसली नव्हती.

तिनं तीन आठवडे वाट पाहिली. कुणीतरी पुतण्या येईल, भाची येईल. काळं कुत्रंही फिरकलं नाही. शेवटी महिना संपायला दोन दिवस उरले, तेव्हा तिनं आईची लग्नातली अंगठी बोटात घातली, आरशासमोर उभं राहून एक वाक्य चार वेळा म्हणून पाहिलं आणि नगरपालिका गाठली. आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती.

खिडकीमागं डेस्मंड ऑर नावाचे टक्कल पडलेले कारकून बसले होते. त्यांनी अर्ज पुढं ओढला.

"पिल्बीम यांच्याशी नातं काय तुमचं?"

"बायको."

ऑर यांनी पेन खाली ठेवलं. "नक्की?"

"नक्की म्हणजे? मला माझा नवरा ठाऊक नसेल?"

ऑर उठले, कपाटातून एक फाईल काढली आणि खिडकीच्या काचेला टेकवून तिच्याकडं फिरवली. "हे बघा बाई. पिल्बीमसाहेबांनी बाकाचा अर्ज जिवंतपणी स्वतःच केला होता. मागं कुणी करणारं नव्हतं म्हणून. 'अविवाहित' या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्यात. आणि या आठवड्यात आलेल्या तुम्ही त्यांच्या तिसऱ्या बायको."

थेल्माचा चेहरा लाल झाला. पण गंमत अशी, की आधी तिला लाज वाटलीच नाही. आधी आला तो राग. तिसरी? म्हणजे आणखी दोघी? त्याच बाकावर बसून, त्याच माणसाला, त्यासुद्धा सगळं सांगत होत्या? हा मेला दिवसभर कुणाकुणाचं ऐकत होता? मग मात्र तिला कळलं, आपण कुणावर चिडलोय. तिनं अंगठीवर दुसरा हात ठेवला.

"चुकले मी," ती म्हणाली. "माफ करा. येते."

"थांबा हो," ऑर म्हणाले. "खोटं बोलायची गरजच नव्हती. नात्याचं कुणी नसेल तर तिघांच्या सह्या चालतात. फक्त तिघं एकमेकांना ओळखणारे हवेत आणि एकाच वेळी इथं यायला हवेत. नियमातच आहे ते. त्या दोघींनाही मी हेच सांगितलं."

"मग?"

"मग काय? दोघी वेगवेगळ्या दिवशी आल्या, पण बोलल्या एकच. 'तीन माणसं मी कुठून आणू?' आणि गेल्या निघून."

थेल्माच्या ओठांवर अगदी तेच आलं होतं. तिनं ते गिळलं. बाहेर जायला वळलेली ती परत खिडकीपाशी आली. बाजूची खुर्ची ओढून बसली.

"त्यांची नावं विचारू नका," ऑर आधीच म्हणाले. "ती मला देता येणार नाहीत."

"नावं कोण मागतंय?" थेल्मा म्हणाली. "एवढंच सांगा, त्या दोघी तिथं बसतात किती वाजता?"